अकरा धुळा उंच

सांगोल्याकडच्या एका धनगरवाडीतून केराबाई निघाली, मंगळवेढ्यावरून चालत चालत तिसऱ्या दिवशी सोलापुरात शिरली. रंगपंचमीचा आदला दिवस होता. काम काय, तर एका मास्तरांना एक गोष्ट विचारायची. बस, एवढंच. आता कुणी म्हणेल, एवढ्यासाठी तीन दिवसांची पायपीट? म्हणू द्या. ज्यांचं माणूस परमुलखात हरवलेलं नाही त्यांचं काय जातंय म्हणायला!

तिचा नवरा धुळा. जर्मनीच्या लढाईत सरकारला खेचरं हाकायला माणसं हवी होती, तेव्हा सोळा साली हा गेला. वाडीत मेंढरं हाकणाऱ्याला खेचरांचं काय नवल! आगबोटीतून त्याला नेलं ते थेट ग्रीस देशातल्या सालोनिका नावाच्या शहरात. तिकडून पत्रं यायची. धुळाला लिहिता येत नव्हतं, म्हणून तांड्यावरचे कारकून वेणीमाधव त्याची पत्रं लिहून द्यायचे, आणि इकडे सांगोल्याच्या शाळेतले गुरुजी ती केराला वाचून दाखवायचे. दीड वर्ष असं चाललं. मग अठरा साली एक सरकारी कागद आला. त्यात 'मेला' नव्हतं लिहिलेलं. 'बेपत्ता' लिहिलं होतं.

त्या एका शब्दावर बाईनं बारा वर्षं काढली.

आणि आता तीस साल उजाडलं होतं. धाकटा दीर येडू काही वाईट माणूस नव्हता. भावजयीला त्यानं कधी उपाशी ठेवलं नाही. पण तोही म्हणाला, "वैनी, बारा वर्सं झाली. दादाचा दर्भाचा पुतळा करून जाळाय पायजे. न्हायतर त्येला गती कशी मिळायची? चैत्री अवसेला उरकू." बेपत्ता माणसाचा बारा वर्षांनी असा पुतळा जाळतात. तो जळला की माणूस मेलाच, आणि बाईनं कुंकू पुसायचं.

केराबाई म्हणाली, "ज्येनी पत्रं लिवली त्येंस्नी आदी इचारते. ते मेला म्हनाले तर म्या माज्या हातानं पुसीन. न्हायतर पुतळ्याला काडी लावू द्यायची न्हाय."

वेणीमाधव मास्तर आता सोलापुरात एका शाळेत चित्रकला शिकवत होते. तळ्याच्या अंगाला घर. आजूबाजूला मागवाल्यांची वस्ती, घराघरातून खटखट चाललेली. विचारत विचारत ती दारात पोचली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. दार मास्तरांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी उघडलं.

"कोण गं तू?"

आता नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? केरानं जन्मात घेतलं नव्हतं. "मास्तरांनी लढाईत ज्येंची पत्रं लिवली," ती म्हणाली, "त्या खेचरवाल्याची मी मालकीन."

यशोदाबाईंच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी पायावर सांडलं तरी त्यांना भान नव्हतं. मग बाजूला होऊन त्या हळूच म्हणाल्या, "मागं परसात आहेत. माझ्या सवतीपाशी. दुसरं ठिकाणच नाही त्यांना."

सवत म्हणजे कोण, ते केराला परसात गेल्यावर कळलं. तिथं उन्हात, मधोमध, कमरेइतकं उंच एक देऊळ उभं होतं. खेळण्यातलं नव्हे, खऱ्या विटांचं, नखाएवढ्या पातळ विटा एकावर एक रचून चुन्यात बसवलेल्या. वर गोल घुमट, चारी बाजूंना लहान घुमट्या, मागची भिंत पोटासारखी बाहेर फुगलेली, आणि पुढं वीतभर उंचीचं उघडं दार. त्याच्यापाशी एक पिकल्या केसांचा माणूस चुन्यानं भरलेले हात घेऊन बसला होता. केरानं आपण कोण, आणि घरी पुतळ्याचं काय ठरलंय ते सांगितलं, तसा तो हात धोतराला पुसत उठला.

"मास्तर, येकच इचारते," ती म्हणाली. "मेल्यालं तुमी डोळ्यानं बगितलं का?"

"नाही."

केराच्या छातीवरचा दगड हलला. "मंग जित्तं हायती?"

मास्तरांनी त्या वीतभर दाराकडे बघितलं. तेवढ्यात गिरणीचा बाराचा भोंगा झाला. झाडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झाल्या. आणि आत स्वयंपाकघरात यशोदाबाईंनी परसाकडचं दार ओढून घेऊन कडी घातली. भर दुपारी, घरात उकडत असताना! केराला नवल वाटलं.

मग तिच्या पायाला गार लागलं. त्या वीतभर दारातून वारा येत होता, थंडगार, हिवाळ्यातल्या पहाटेचा. त्याला वास होता. जळक्या मेणाचा, आणि त्यामागं... ओल्या लोकरीचा. हा वास तिला कुणी सांगायला नको होता. आणि आतून, लांबून, जसं काही एखाद्या मोठ्या मोकळ्या दालनाच्या पल्याडून, आवाज आला.

"हुर्रर्र... हुर्र... च्या... च्या..."

मेंढरं वळवायची ती हाळी होती. प्रत्येक धनगराची वेगळी असते. ही चौदा वर्षांत तिनं ऐकली नव्हती. केरानं तिथंच गुडघे टेकले आणि दाराला कान लावला.

"आवो..." ती म्हणाली. "आवो, मी हाय..."

आत काही नाही. पुन्हा म्हणाली. काही नाही. तेव्हा तिनं पदर तोंडावर घेतला, डोळे मिटले, आणि जे कधी उच्चारलं नव्हतं ते उच्चारलं, "धुळा..."

मग अगदी स्पष्ट शब्द आले, दमलेले, आज्ञाधारक.

"मास्तर... दोरी आजून धरू का?"

केरा उठली नाही. मास्तर मात्र बोलू लागले. भिंतीकडे बघत, कुणी बारा वर्षं तोंड दाबून धरलं होतं आणि आता सोडलं, अशा घाईनं.

"दिवाळीत हा घुमट पुरा झाला, तेव्हापासून रोज बाराला ऐकतो. मी इथं असतो म्हणून विचारतो तो. मी उत्तर देतो, त्याला ते ऐकू जात नाही... केराबाई, हे तिथलं देऊळ आहे. रूमच्या बादशहांचं राज्य होतं ना, बायझंटाईन म्हणतात त्याला, त्यांनी नऊशे वर्षांपूर्वी बांधलं. पुढं तुर्क आले, त्यांनी आतल्या सोनेरी चित्रांवर चुना फासला, बाहेर मिनार उभा केला, मशीद केली. मग ग्रीकांनी शहर परत घेतलं आणि पुन्हा ख्रिस्ताचं देऊळ केलं. आम्ही होतो तेव्हा सतरा सालची मोठी आग लागली. अर्धं शहर जळून कोळसा झालं. हे उरलं. मी पहिल्यांदा आत गेलो आणि वर बघितलं, आणि... काय सांगू! खाली चौकोन, वर गोल. चौकोनावर गोल घुमट बसतोच कसा?"

"चार कोपरं उचलून धरल्यालं घोंगडं," केरा पुटपुटली. तिनं वाकून दारातून आत पाहिलं होतं.

"अगदी तेच! चार कोपऱ्यांतून चार पदर वर जातात आणि घुमट तोलून धरतात. भाकरीसारख्या पातळ विटा, आणि विटेएवढाच जाड चुना. मला वेड लागलं बाई. ते सगळं मोजून, काढून घरी न्यायचं ठरवलं. माझ्याकडे टेप नव्हती. धुळा रिकामा बसला की टकळीवर लोकर कातायचा. त्याच दोरीनं मोजायला लागलो. तो एक टोक धरायचा, मी दुसरं. कंटाळायचा नाही कधी."

मास्तरांनी घुमटाकडे बोट केलं. "घुमटाची उंची तेवढी राहिली. वर चढणार कोण? शाळेत शिकवतो ती युक्ती केली. उन्हात माणूस उभा करायचा, त्याची सावली मोजायची. मग देवळाची सावली मोजायची. माणसाच्या जेवढ्या सावल्या तीत बसतील, तेवढी माणसं उंच देऊळ. जानेवारी होता, बर्फ पडलेलं. धुळा उभा राहिला, मी दोरीनं त्याची सावली मोजली, टोकाला गाठ मारली. अकरा धुळा आणि एक हात. असं लिहून ठेवलंय माझ्या वहीत. तेवढ्यात पुन्हा बर्फ सुरू झालं. उद्या लागेल म्हणून ती दोरी मी गुंडाळून भिंतीतल्या एका फटीत ठेवली."

"मंग?"

"दुसऱ्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या गवंड्यानं ती फट विटांनी बुजवून टाकली होती. दुरुस्ती चालू होती त्याची. आणि धुळा समोर आला तसा त्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याला आपल्यातली भाकरी दिली, हात जोडले. दुभाष्याला विचारलं, तर तो म्हणाला, ज्याच्या सावलीचं माप भिंतीत जातं तो माणूस चाळीस दिवसांत त्या इमारतीचा होतो. तिला आतून धरून उभा राहतो. पूर्वी मुद्दाम करायचे, म्हणे. म्हणूनच हे देऊळ आगीत वाचलं. दुसरा कुणी आला की पहिला मोकळा होतो, नाहीतर..."

"आन् तुमी काय केलं?"

"हसलो. धुळाला बोललो नाही. पण दिवस मोजत राहिलो. एकोणचाळिसाव्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन त्या भिंतीपुढं उभा राहिलो. त्या म्हाताऱ्यानं ती इतकी सुरेख सांधली होती... जुनं कुठं संपलं, नवं कुठं सुरू झालं, हात फिरवला तरी कळू नये. मनाशी म्हटलं, कसल्या या खुळ्या समजुती! पण ते खरं नव्हे. मला ती भिंत फोडवेना, हे खरं. दुसऱ्या दिवशी खेचरं देवळाच्या दाराशी नीट बांधलेली सापडली. तो आत गेलेला लोकांनी पाहिला. बाहेर आलेला कुणीच पाहिला नाही."

केराबाई उठली. "भिताडापायी?" तिचा आवाज चिरका झाला. "मास्तर, माजं मानूस घालवलं ते एका भिताडापायी? येक घाव घालायचा हुता की! येक घाव! भित काय, परत बांदली असती कुनीबी!"

तिनं कुंपणाचा एक धोंडा उचलला. मास्तरांनी तिला अडवलं नाही. उलट मान खाली घातली. धोंडा डोक्यावर गेला, आणि आतून आवाज आला, "मास्तर... आजून धरू का?" केराच्या हातातून धोंडा गळून मातीत पडला. हे फोडलं तर हा आवाजही जाईल, असं तिच्या मनात आलं. ती रडली. मोठ्यानं, वाडीतल्यासारखी, पलीकडच्या घरातले माग थांबेपर्यंत रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, "दुसरा कुनी आला की पयला मोकळा. आसंच म्हनला न्हवं त्यो म्हातारा?"

"केराबाई, नको."

"माजी सावली घ्या. ह्याच भितीत घाला. हितं बी त्योच हाय न्हवं? ऐकलं की म्या."

"त्याच्या मापानं बांधलंय म्हणून. तिथली एक फुटकी वीट कुटून मी याच्या चुन्यात घातली होती... पण नको. तो घरी आला तर तुम्ही नसाल."

"मी नसंना," केरा म्हणाली. "त्यो तर असंल."

मास्तरांनी थापी उचलली आणि परत खाली ठेवली. तिनं गाठोड्याची लोकरीची दोरी सोडली, त्यांच्या हातात दिली, आणि अनवाणी उन्हात जाऊन उभी राहिली. सूर्य थोडा कलला होता. मास्तरांनी दोरीचं एक टोक तिच्या टाचेशी ठेवलं, दुसरं सावलीच्या डोक्याशी नेलं, गाठ मारली.

"आत जा. यशोदेकडून पाणी प्या. चुना कालवायला वेळ लागेल," ते म्हणाले.

कडी काढून यशोदाबाईंनी तिला पाणी दिलं, गूळ दिला, काही विचारलं नाही. ती परत आली तेव्हा मागल्या भिंतीच्या फुगाऱ्यावर चुन्याचा ओला ठिपका दिसत होता. झालं होतं काम. तिला एकदम हलकं वाटलं. निघताना मास्तर वाकले आणि त्यांनी तिच्या पायाला हात लावला. ब्राह्मण मास्तर धनगराच्या बाईच्या पाया पडतो! ती मागं सरकली. माफी मागत असतील, असं तिला वाटलं.

"चाळीस दिवस," ते म्हणाले. "पुतळा जाळू देऊ नका."

"अवस एकेचाळिसाव्या दिशी हाय," केरा म्हणाली. "पुरतंय."

पुढचे दिवस ती कशी वागली म्हणता! लग्नघर असल्यासारखी. खोपट सारवून घेतलं, चूल नवी घातली. निवडक लोकर देऊन नवं घोंगडं विणून घेतलं. जाऊ गोजाबाई भाकरी थापत असली की शेजारी बसून सांगायची, "त्येंच्या ताकात मीठ घालू नगंस. भाकर करपली तर चालती, कच्ची नगं." गोजाबाई म्हणायची, "आन् तू कुटं चाललीस?" केरा म्हणायची, "कुटं न्हाय गं."

पण एकटी असली की तिचा जीव तुटायचा. तो येणार आणि आपण नसणार, हे तिनं कबूल केलं होतं. मन कबूल करत नव्हतं. निदान वाटेत गाठ पडावी, एक जाणारा, एक येणारा. बोलायलाही नको. नुसतं बघितलं तरी खूप झालं. रोज ती देवाला हेच सांगायची, मग लगेच जीभ चावायची, जास्त मागितलं म्हणून सगळंच जाईल या भीतीनं.

चाळिसावा दिवस उजाडला. तिनं न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं, ठळक कुंकू लावलं. येडू दुसऱ्या दिवसाच्या तयारीला भटजींकडे गेला होता, गोजाबाई मेंढरांमागं. केरा दारात बसली. ऊन डोक्यावर आलं. बाभळीखाली कोकरंसुद्धा ओरडेनाशी झाली. वारा पडला. आणि मग पायाला गार लागलं.

'आली येळ,' ती मनाशी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. ती होती तिथंच होती. पायाखाली तापलेली माती, कपाळावर घाम. तिनं डोळे उघडले.

ओढ्याकडच्या पायवाटेनं एक माणूस चालत येत होता. खाकी कोट, पायाला पट्ट्या. चाल तीच, डावा खांदा जरा पुढं. जवळ आला तसा चेहरा दिसला. काळीभोर मिशी, हनुवटीवरचा तो चर. तिचे हात पुढं झाले आणि तसेच राहिले. देवानं नुसतं बघायला नव्हे, समोरच आणून उभा केला होता!

धुळा दारापाशी थांबला. दमला होता, पण हसला.

"मास्तरांनी धाडलं," तो म्हणाला. "आले आन् हातातली दोरी घेतली. म्हनले, धुळा, लई येळ धरलीस, जा घरी. आता मी धरतो."

तेव्हा केराला समजलं, त्या दिवशी ती पाणी प्यायला आत गेली असताना कुणाच्या सावलीचं माप भिंतीत गेलं ते. सोलापुरात त्याच वेळेला यशोदाबाई जेवायला हाका मारून मारून थकल्या आणि कडी काढून परसात गेल्या, तर चुन्याची थापी तेवढी पडली होती. पण ते नंतर कळलं. त्या घडीला केरा फक्त बघत होती, डोळ्यांचं पाणी न पुसता.

धुळानं तिच्या खांद्यावरून वाकून खोपटात डोकावलं. मग आदबीनं, परक्या वडीलधाऱ्या बाईला विचारावं तसं विचारलं,

"मावशे, आमची केरा कुटं हाय?"

चौदा वर्षं. तीन दुष्काळ. पुढचे दोन दात गेलेले, केस अकाली पांढरे, उन्हानं रापून चामड्यासारखं झालेलं तोंड. त्याची मात्र एक सुरकुती वाढली नव्हती. तो वीस वर्षांच्या केराला शोधत होता, आणि ती कुठं आहे हे या केरालाही सांगता येत नव्हतं.

"पान्याला गेलीया," ती म्हणाली. "यील. बस तू."

तो दाराजवळच्या दगडावर बसला, तोंड ओढ्याकडे करून. तिनं ताक आणलं, बिनमिठाचं. "केरा आल्यावर पितो," म्हणाला. येडू आला, भावाला बघून त्याची बोबडी वळली. भटजी आल्या पावली परत गेले. पुतळा जळला नाही, कुंकू राहिलं. धुळा दगडावरून उठला नाही. चैत्राच्या त्या फुफाट्यात त्याच्या खांद्यावर पांढरं काहीतरी होतं. गोजाबाईनं झटकायला हात लावला आणि ओरडून मागं घेतला. ते बर्फ होतं, आणि पुढंही ते कधी वितळलं नाही.

तिसऱ्या दिवशी कातरवेळी केराबाईनं पुन्हा हिरवं लुगडं नेसलं. पदर कपाळावर ओढून घागर घेतली, ओढ्यावर गेली, आणि पूर्वी यायची तशी लगबगीनं, ताठ, पायवाटेनं वर आली. तिला येताना बघून धुळा दगडावरून उठला. पहिल्यांदाच उठला. चेहरा उजळला त्याचा. ती जवळ आली, घागर उतरवली, पदर मागं सारला.

तो बराच वेळ तिच्या मागं, रिकाम्या वाटेकडे बघत राहिला. मग पुन्हा खाली बसला.

"मावशे," तो म्हणाला, "वाटंत केरा दिसली का?"